पद्मिनीचे दिवे

लेकीनं, नेत्रावतीनं, जगदेवप्पांकडून गाडीची चावी काढून घेतली त्याला तीन आठवडे झाले होते. ती कलबुर्गीला बँकेत नोकरीला. जाताना चावी शेजारच्या मल्लेश्वरीकडं देऊन गेली. मल्लेश्वरीनं ती हळदीच्या डब्यात ठेवली. जगदेवप्पांनी एकदा गोडीनं मागून पाहिली.

"अगं, गाडी पुसून ठेवतो म्हणलं. धूळ बसलीय."

"पुसायला चावी कशाला लागतीय, अण्णा? बाहेरून पुसा की," मल्लेश्वरी म्हणाली आणि डबा वरच्या फळीवर सरकवला.

जगदेवप्पांचं भालकीत भांड्यांचं दुकान. वय अडुसष्ट. गाडी चौऱ्याऐंशी सालची पद्मिनी, दुधी रंगाची, हैदराबादच्या एका डॉक्टरकडून जुनी घेतलेली. गेली तीस वर्षं दर सोमवारी दुकान बंद ठेवून ते आणि त्यांची बायको निलम्मा या गाडीतून मेहकरला जायचे. तिथं निलम्माची थोरली बहीण गंगव्वा राहायची. तिच्याकडं पुंडीची, म्हणजे अंबाडीची भाजी, भाकरी खायची, गप्पा मारायच्या आणि दिवस मावळल्यावर परतायचं. जाताना उजेड असायचा, येताना अंधार.

येताना निलम्मा डाव्या बाजूला बसायची. मांडीवर उरलेल्या भाजीचा डबा आणि नजर रस्त्यावर. ती लांबलचक बोलायची नाही. एकच शब्द.

"ट्राली."

जगदेवप्पा गाडी उजवीकडं घ्यायचे.

"म्हैस."

जगदेवप्पा गाडी हळू करायचे.

"बिनदिव्याचा सायकलवाला, येडा कुठला," हे तिचं सगळ्यांत मोठं वाक्य.

वैशाखात निलम्माला ताप आला. बीदरच्या दवाखान्यात नेलं. चौथ्या दिवशी ती गेली. पन्नाशी उलटलेली माणसं तापानं जातात, एवढंच डॉक्टर म्हणाले.

सोमवार मात्र त्यांनी सोडला नाही. पावसाळाभर ते दुपारीच जाऊन यायचे. मार्गशीर्षात गंगव्वानं आग्रह केला, जेवूनच जा म्हणाली. येताना कारखान्याच्या वळणावर त्यांच्या पुढं ट्रॅक्टर होता, मागं उसाच्या दोन ट्रॉल्या, एकीलाही दिवा नाही. जगदेवप्पांना ट्रॉली दिसली तेव्हा उसाची पाती बॉनेटवर आली होती. त्यांनी स्टीअरिंग डावीकडं ओढलं आणि गाडी तुरीच्या रानात घातली. त्यांना काही लागलं नाही. तुरीला लागलं. मल्लेश्वरीनं घरासमोर बंपरमध्ये अडकलेल्या शेंगा काढल्या आणि त्याच हातानं नेत्रावतीला फोन लावला.

नेत्रावती दुसऱ्या दिवशी पहिल्या बसनं आली. बापाला घेऊन बीदरला डोळ्याच्या डॉक्टरकडं गेली. जगदेवप्पांनी पाटीवरच्या सगळ्या ओळी वाचल्या, अगदी खालची, मुंगीएवढी सुद्धा. गेल्या वर्षी मोतीबिंदू काढलेले दोन्ही डोळे ठणठणीत होते. त्यानं नेत्रावतीची काळजी कमी व्हायच्या ऐवजी वाढली.

"डोळे चांगले हाईत, मग ट्राली कामून दिसली न्हाई?" बसमध्ये तिनं विचारलं. "अव्वा गेल्यापासून तुमचं लक्षच कुठं नसतंय, अप्पा."

जगदेवप्पांना स्वतःलाही तसंच वाटायला लागलं होतं.

मग नेत्रावतीनं गाडीला गिऱ्हाईक शोधलं. रेवणसिद्ध नावाचा माणूस, उदगीर रस्त्यावर त्याचा धाबा. त्याला पद्मिनी चालवायची नव्हती. धाब्यापुढं उभी करायची होती. टप कापून, आत माती भरून, बोगनवेल लावायची होती.

"माझ्या गाडीत माती?" जगदेवप्पा फोनवर ओरडले.

"मग काय तुरी लावायच्या? त्या तुमी लावल्या की," नेत्रावती म्हणाली. पण बापाचा आवाज ऐकून जरा नरमली. "बरं, दुसऱ्या शनिवारी मी येतीय. त्या दिवशी अंधार पडल्यावर मला मेहकरला न्या. वाटंत जे काय आडवं यील, ते माझ्या आधी तुमाला दिसलं पायजे. तुमी मोठ्यानं सांगायचं. एक जरी गोष्ट मला पैल्यांदा दिसली, तर रविवारी रेवणसिद्ध गाडी घेऊन जातंय. कबूल?"

"कबूल," जगदेवप्पा म्हणाले. फोन ठेवला आणि मग त्यांना घाम फुटला. कारण आपल्याला अंधारात दिसत नाही, हे त्यांना ठाऊक होतं.

त्या आठवड्यात ईरण्णा दुकानात आला. ईरण्णा बोअरच्या मोटारी भरायचा, म्हणजे जळलेल्या मोटारीची तार काढून नवी गुंडाळायचा. मार्केट यार्डाजवळ त्याचं दुकान होतं आणि आजूबाजूच्या पंचवीस गावांतल्या विहिरींची नाडी त्याच्या हातात होती. पोरगी हॉस्टेलला चालली म्हणून त्याला डबा पाहिजे होता. डबे ठोकून बघता बघता त्यानं विचारलं, "तोंड असं कामून केलाव अण्णा? डबा फुकट मागितलो न्हाई अजून."

जगदेवप्पांनी सगळं सांगितलं. ईरण्णा डबा हातात घेऊन ऐकत राहिला. मग म्हणाला, "डोळे तपासले, बरं केलाव. गाडीचे दिवे कुणी तपासले?"

"दिवे लागतेत की. दोन्ही."

"लागतेत, ते मलाबी ठाव हाय. किती लागतेत, ते इचारायलोय."

संध्याकाळी ईरण्णा मीटर घेऊन घरी आला. चावीशिवाय काम होणार नव्हतं, म्हणून मल्लेश्वरीला बोलावलं. ती चावी घेऊन आली, पण हातात देईना. पदर खोचून स्वतःच ड्रायव्हरच्या जागी बसली.

"किल्ली मीच फिरवणार. मी नेत्राला शब्द दिलीय."

"फिरव बाई, पण गिअर टाकू नकोस," जगदेवप्पा म्हणाले. "माझी भिंत नवीन हाय."

ईरण्णानं बॅटरीवर मीटर लावला. साडेबारा. मग पुढचा दिवा उघडून बल्बच्या टोकाला लावला. त्यानं मीटर एकदा झटकला, परत लावला आणि हसायला लागला.

"साडेनऊ! अण्णा, बॅटरीतून साडेबारा निघायलंय आन बल्बपाशी साडेनऊ पोचायलंय. तीन वोल्ट वाटंतच गायब. साडेनऊवर बल्ब जळत न्हाई, नुसता लाल हुतोय. ह्या उजेडात घुबडालाबी ट्राली दिसायची न्हाई."

"मंजी माझं लक्ष…"

"तुमच्या लक्षाला काय धाड भरलीय? ही वायर बगा."

गाडी बनवणाऱ्यांनी काही चूक केली नव्हती. पण चाळीस वर्षांत वायर काळी पडली होती, जोडांना गंज चढला होता, आणि दिव्यांचा सगळा करंट बॅटरीतून निघून आत स्टीअरिंगखालच्या खटक्यापर्यंत जायचा, तिथून डिपरला, तिथून परत पुढं दिव्यांकडं. एवढा फेरा घालून पोचेपर्यंत त्याचा जीव जायचा.

"तुमच्या मेव्हणीच्या रानात बोअर हाय ना?" ईरण्णानं विचारलं. "मोटर चालू करताना हिरवं बटन दाबतेत. मोटरचा सगळा करंट त्या बटनातून जातोय का?"

"न्हाई. स्टार्टरमधून जातोय."

"हां! बटन नुसता हुकूम सोडतंय. वजन उचलायचं काम स्टार्टरचं. तुमच्या गाडीत चाळीस वर्षं बटनच पोतं उचलायलंय." त्यानं खिशातून काडेपेटीएवढा काळा डबा काढला. खाली चार पाय होते. "ह्याला रिले म्हणतेत. हा गाडीचा स्टार्टर. बॅटरीपासून जाड वायर थेट ह्याच्यात, ह्याच्यातून थेट दिव्याला. जुन्या वायरीनं फकस्त हुकूम सोडायचा. असे दोन लावतो. एक खालच्या उजेडाला, एक वरच्या."

"शनिवारपर्यंत हुईल?"

"शुक्रवारीच हुईल. रिले घरीच पडून हाईत, तीन वर्सांपासून."

"तीन वर्सांपासून?"

ईरण्णानं मल्लेश्वरीकडं पाहिलं, मग खाली मीटरच्या वायरी गुंडाळायला लागला. "निलम्मा अक्का आल्त्या की दुकानात. गाडीचे दिवे लई बारीक हाईत, बग म्हणल्या. म्हणून आणून ठेवलो. मग मी तुमाला इचारलो तर तुमी म्हणलाव, काय गरज न्हाई, चांगले हाईत. मी गप बसलो."

जगदेवप्पांना ते आठवत होतं. दुकानातच उभं राहून त्यांनी ईरण्णाला परत पाठवलं होतं.

त्या रात्री जेवताना ते त्याचाच विचार करत होते. दिवे बारीक आहेत, हे त्यांना तेव्हाही माहीत होतं. पण निलम्मा दिवसभर घरात, ते दिवसभर दुकानात. घरी आल्यावर भाजी काय, बिल भरलं का, एवढंच बोलणं. सोमवारी येतानाचा तो एक तास ती त्यांच्यासाठी बघायची आणि सांगायची. कधी कधी म्हैस त्यांना आधी दिसलेली असायची. तरी ते काही बोलायचे नाहीत. ती सांगेपर्यंत थांबायचे. दिवे चांगले झाले असते तर ती कशाला बोलली असती? हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. तिलाही नाही. आज पहिल्यांदा स्वतःला सांगितलं, आणि भाकरीचा तुकडा पाण्याच्या घोटाबरोबर गिळला.

शुक्रवारी सकाळी ईरण्णा लाल वायरीचं भेंडोळं खांद्यावर घालून आला. मल्लेश्वरी चावी घेऊन आली, आणि येताना सुसल्याचं ताटही. चुरमुरे भिजवून, कांदा-मिरचीवर परतून, वर शेंगदाण्याचा कूट. ईरण्णानं अर्धं ताट संपवलं आणि मग कामाला लागला.

जगदेवप्पा त्याच्या हाताखाली उभे राहिले. पक्कड द्या, पक्कड दिली. टेप द्या, टेप दिला. जुनी वायर ओढली तर तिचं आवरण पापडासारखं मोडून हातात आलं. दिव्यामागची, बॉडीला जोडलेली वायर गंजून नुसती चिकटलेली होती. ईरण्णानं तिथला पत्रा पॉलिश पेपरनं घासून चकचकीत केला आणि नवी जाड वायर बोल्टनं आवळली. बॅटरीजवळ फ्यूज बसवला. दोन्ही काळे डबे आतल्या पत्र्यावर शेजारीशेजारी लावले. प्रत्येक जोड ओढून बघायचा, मग पुढं जायचा. काम करताना तो तोंडानं हिशोब म्हणायचा, जसा मोटर भरताना वेढे मोजायचा, आणि मध्ये कुणी बोललं की "थांबा ओ!" म्हणून ओरडायचा.

"हितं ही वायर कसली?" जगदेवप्पांनी एकदा विचारलं. एका रिलेच्या एका पायातून निघून वीतभर वायर त्याच रिलेच्या दुसऱ्या पायाला गेली होती.

"ती लागतीय ओ. थांबा, मोजायलोय."

जगदेवप्पा थांबले. दुसऱ्या रिलेला तशी वायर लावायला ईरण्णानं हात घातला, पण तेवढ्या मापाचा तुकडा उरला नव्हता. मल्लेश्वरी सुसला परत गरम करून घेऊन आली, आणि ती वायर राहून गेली.

दुपारी गाडीच्या शेडचं शटर आतून खाली ओढलं. अंधार झाला. मल्लेश्वरीनं किल्ली फिरवली. जगदेवप्पांनी खिडकीतून हात घालून खटका दाबला.

टक्.

समोरची भिंत पांढरी झाली. भिंतीवरचे विटांचे सांधे दिसले, कोळ्याचं जाळं दिसलं, जाळ्यातला कोळी दिसला. मल्लेश्वरी "अय्या!" म्हणून डोळ्यांवर हात घेऊन मागं रेलली. ईरण्णानं बल्बपाशी मीटर लावला. बारा पॉइंट दोन.

"बगा! कोळ्याचे पायबी मोजा."

जगदेवप्पांनी खरोखर मोजले. आठ होते. मग ईरण्णाला फ्यूजचा एक स्क्रू ढिला वाटला, म्हणून त्यानं बॅटरीची क्लिपच काढली. दिवे विझले. जगदेवप्पांनी खटका वर केला, मल्लेश्वरीनं किल्ली काढली. स्क्रू आवळला, क्लिप परत लावली, आणि शटर वर केलं. मल्लेश्वरीनं चावी कंबरेला खोचली आणि घरी गेली.

शनिवारी दुपारी नेत्रावती आली. नव्या वायरी तिनं बॉनेट उघडून बघितल्या. बँकेत कर्जाचे कागद बघताना जसं तोंड करायची, तसं तोंड केलं. दिवस मावळला. मल्लेश्वरीनं चावी आणून नेत्रावतीच्या हातात दिली. चावी पिवळी धमक झाली होती.

"हळदीत पुरून सांभाळली, आता सोडवून घ्या," मल्लेश्वरी म्हणाली. "अण्णा, तुरी आणू नका. घरात लई झाल्या."

नेत्रावती डाव्या बाजूला बसली. निलम्माच्या जागी. बसल्यावर दार दोनदा ओढून बघायची निलम्माची सवय होती. नेत्रावतीनंही दोनदा ओढलं. जगदेवप्पांनी ते बघितलं आणि गाडी चालू केली.

गावाबाहेर आल्यावर त्यांनी खटका दाबला. टक्. रस्ता पुढं लांबपर्यंत उघडा पडला. दोन्ही बाजूंची बाभळ, त्यापलीकडचा ऊस, मैलाचा दगड, त्यावरचा आकडासुद्धा. जगदेवप्पा क्षणभर बोलायचंच विसरले.

"सांगा की," नेत्रावती म्हणाली.

"हां. पूल."

"एक."

"कुत्रं."

"दोन."

"सायकलवाला. दिवा न्हाई."

"तीन. दिवा न्हाई ते मलाबी दिसायलंय, जास्तीचे मार्क न्हाईत."

"दुसरं कुत्रं."

"ते कुत्रं न्हाई अप्पा, दगड हाय. कापले."

"कापले कसे? आडवं काय आलं ते सांगायचं ठरलं हुतं. कुत्रं का दगड, ते ठरलं न्हवतं!"

"बसून हाय ते, हलंना. दगडच."

गाडी जवळ आली तसा दगड उठला आणि शेपूट हलवत रस्त्याकडेला गेला.

"धरले," नेत्रावती म्हणाली. तिचा आवाज जरा वेगळा झाला होता. हसू दाबल्यासारखा.

त्यांनी बैलगाडी सांगितली, रस्त्यावर वाळत घातलेली ज्वारीची ताटं सांगितली, दोन बायका आणि डोक्यावरचे भारे सांगितले. नेत्रावती बोटांवर मोजत होती. बोटं संपली तशी पुन्हा अंगठ्यापासून सुरू केलं. मग कारखान्याचं वळण आलं. जगदेवप्पांचे हात स्टीअरिंगवर घट्ट झाले. समोरून एक ट्रक आला. त्याचे दिवे डोळ्यांवर पडले, काही क्षण सगळं पांढरं झालं. ट्रक गेला.

"ट्राली," जगदेवप्पा म्हणाले.

"कुठंय?" नेत्रावती पुढं वाकली. "मला न्हाई दिसली."

"वळणाच्या पलीकडं. उभी हाय. उसाची पाती बग, खाली लोंबायलीत."

नेत्रावतीला ती बऱ्याच वेळानं दिसली. दोन ट्रॉल्या, दिवा नाही, ट्रॅक्टरवाला खाली उतरून टायरला लाथा मारत होता. जगदेवप्पांनी गाडी हळू केली, लांबूनच हॉर्न दिला आणि उजवीकडनं सावकाश काढली. पुढं गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की नेत्रावती बोटं मोजायची थांबली होती.

"अव्वा असंच म्हणायची ना?" ती म्हणाली. "ट्राली. एवढंच."

"व्हय. एवढंच."

थोड्याच वेळात मेहकर आलं.

गंगव्वा दारातच उभी होती. जगदेवप्पांनी गाडी तिच्या घरासमोर लावली, इंजिन बंद केलं, खटका वर केला आणि चावी काढून नेत्रावतीच्या हातात दिली.

दिवे चालूच राहिले.

जगदेवप्पांनी खटका खाली केला, वर केला. दिवे चालू. चावी नेत्रावतीच्या तळहातावर, इंजिन गार, आणि पद्मिनी डोळे वटारून गंगव्वाच्या घराकडं बघत होती. उजेडात गंगव्वाची भिंत, भिंतीवरच्या गोवऱ्या, खिडकीत वाळत घातलेलं लुगडं आणि डोळ्यांवर हात धरलेली गंगव्वा, सगळं लख्ख दिसत होतं.

"पावणं, इझवा की!" गंगव्वा ओरडली. "माझं लुगडं काय लिलावाला काडलाव का?"

"इझंना झालंय!"

"इझंना मंजी? फुंकर मारा!"

शेजारपाजारची माणसं बाहेर आली. पारावर पत्ते खेळत बसलेले चौघे जण उजेड बघून मागच्या बोळात पळाले होते. मोठ्या साहेबाची गाडी आली, असं त्यांना वाटलं होतं. त्यातला एक भिंतीआडून डोकावून बघत म्हणाला, "अरे, ही तर जगदेवप्पांची पद्मिनी! ही गाडी अशी कवापासून बघायली?"

जगदेवप्पांनी ईरण्णाला फोन लावला.

"ईरण्णा, दिवे इझंनात. चावी काडली तरी चालूच हाईत."

पलीकडून ईरण्णाचा बारीक आवाज. "अण्णा… मी होल्डिंग दिलो की ओ."

"काय दिलास?"

"होल्डिंग ओ! मोटरच्या स्टार्टरला असतंय न्हाई का? हिरवं बटन एकदा दाबून सोडलं तरी मोटर चालूच ऱ्हाती, ती त्या वायरीमुळं. तीस वर्सं हेच करायलोय. स्टार्टर म्हणलं की हात आपसूक होल्डिंग देतोय. बंद करायला लाल बटन लागतंय, आन लाल बटन मी बसवलोच न्हाई!"

फोनचा आवाज मोठा होता, नेत्रावतीनं सगळं ऐकलं. ती पहिल्यांदा नुसती श्वास घेतल्यासारखी हलली. मग गाडीच्या दाराला टेकली. मग हसू फुटलं. ती अशी हसली की खाली गंगव्वाच्या पायरीवर बसली, चावीसकट हात पोटाला लावला आणि डोळ्यांतून पाणी आलं. "लाल बटन न्हाई!" एवढंच तिला बोलता येत होतं. "दोड्डव्वा, लाल बटनच न्हाई!" थोरल्या मावशीला ती लहानपणापासून दोड्डव्वा म्हणायची. गंगव्वाला काही कळलं नव्हतं, पण तीही हसायला लागली. वैशाखापासून पोरीला हसताना तिनं बघितलं नव्हतं. जगदेवप्पांनीही नाही.

"आता काय करू ते सांग," जगदेवप्पा फोनमध्ये म्हणाले. त्यांना स्वतःलाच धड बोलता येत नव्हतं.

"डावीकडचा काळा डबा उपटा. जाताना परत बसवा, घरी गेल्यावर परत उपटा. सकाळी यिऊन ती वायर कापतो. आन नेत्राबाईला सांगू नका ओ!"

"ती हितंच बसलीय. लोळायलीय."

त्यांनी बॉनेट उघडलं, डावीकडचा डबा धरून ओढला. अंधार झाला. अंधारातून नेत्रावतीचं हसणं येत राहिलं, हळूहळू कमी होत गेलं. मग तिनं खिशातून मोबाईल काढला.

"रेवणसिद्धण्णा? मी नेत्रावती. उद्या येऊ नका. गाडी द्यायची न्हाई… न्हाई, जास्त दिले तरी न्हाई… झाडं कुंडीत लावा की, कुंडीत चांगली येतेत."

तिनं चावी बापाच्या सदऱ्याच्या खिशात टाकली. सदऱ्यावर हळदीचा डाग पडला. "मार्क पूर्ण," ती म्हणाली. "फकस्त दिवे बंद करायचा पेपर नापास. त्यो ईरण्णाचा हाय."

आत पुंडीची भाजी, ज्वारीची भाकरी आणि ठेचा तयार होता. गंगव्वानं जगदेवप्पांना चौथी भाकरी वाढली, ते नको म्हणाले नाहीत. उरलेली भाजी तिनं डब्यात भरली आणि सवयीनं डबा डाव्या बाजूच्या सीटवर ठेवायला गेली. नेत्रावती आधीच बसली होती. तिनं डबा मांडीवर घेतला.

परत निघताना जगदेवप्पांनी काळा डबा जागेवर दाबून बसवला आणि खटका दाबला. टक्. रस्ता पुन्हा लांबपर्यंत उघडा पडला. आता काही मोजायचं नव्हतं, म्हणून ते गप्प राहून गाडी चालवत होते. कारखान्याचं वळण मागं पडलं. ट्रॉली निघून गेली होती, रस्त्यावर पात्यांचा कचरा पडला होता.

पुढं डावीकडं, बाभळीखाली, एक म्हैस उभी होती. ती त्यांना केव्हाच दिसली होती. तिची शिंगं दिसत होती, गळ्यातली तुटलेली दोरीसुद्धा दिसत होती.

नेत्रावती डब्यावर हात ठेवून पुढं बघत होती.

"अप्पा, म्हैस," ती म्हणाली.

"कुठंय गं?" जगदेवप्पांनी विचारलं.

"ती काय, डावीकडं. हळू घ्या."

त्यांनी गाडी हळू घेतली.